वहिनीचा कॉम्प्युटर मुका झाला

दि. १० मार्च

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तीन वर्षांत पहिलंच पत्र, तेही कामापुरतं. फोन केला असता, पण मागच्या वेळी तूच तो आपटलास.

परवा कॉम्प्युटरने आपणहून नवी आवृत्ती चढवून घेतली. तेव्हापासून आवाज बंद. स्पीकरचा दिवा लागतो, वायर घट्ट आहे, आवाजाची पट्टी शंभरावर. तीनदा बंद-चालू करून झाला. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, जुना झालाय, नवा घ्या. नाडी न बघता औषध देणाऱ्यांतला तो.

तुझी वहिनी पुस्तकाचं भाषांतर करते आहे. कॉम्प्युटरमधली बाई वाचून दाखवते, ही टाइप करते. महिनाअखेर छपाईला द्यायचंय. आठच पानं उरली आहेत, आणि ही हात मांडीवर ठेवून बसलीय. तुझं कामच हे, म्हणून विचारतो.

दादा

दि. १५ मार्च

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. आधी उपाय. नवा कॉम्प्युटर अजिबात घेऊ नकोस. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाब आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. आवाज कुठून काढायचा त्याची यादी दिसेल. नव्या आवृत्तीने बहुतेक मॉनिटरवर खूण केली असणार. त्याला स्पीकरच नाही, तो बोंबलणार कुठून? खूण स्पीकरवर कर. तरी गप्प राहिला तर तिथेच मिक्सर उघड. त्यात प्रत्येक प्रोग्रामची वेगळी पट्टी असते.

आता दुसरं. तुझं पत्र चारदा वाचलं. बाई वाचून दाखवते म्हणजे काय? वहिनी तर माझ्या पत्रांतल्या वेलांट्या सुधारून परत पाठवायची. तिच्या डोळ्यांना काय झालं? आईच्या आजारपणात तू मला पाहुणा म्हणालास, ते लागलं. पण हेही कळवू नये इतका परका झालो का मी?

राग आहेच, काळजी त्याहून जास्त. उलटटपाली कळव.

धाकटा

दि. २१ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. खूण मॉनिटरवरच होती. बदलली तर टिंग वाजलं, पण बाई गप्पच. मिक्सरमध्ये बाकी सगळ्यांच्या पट्ट्या वर, हिचीच शून्यावर. सरकवली मात्र, अर्ध्या वाक्यापासून जी सुटली! वहिनी दचकली, मग हसली, मग मला खोलीबाहेर घालवलं. काल आठवं पान झालं.

डोळ्यांचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीपासून नजर अधू होत गेली. आता उजेड-अंधार एवढंच कळतं. तुला कळवा म्हणून तिने कितीदा सांगितलं, मीच टाळलं. तू धावत आला असतास, आणि पाहुणा म्हटलेल्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, ते मला समजेना. तू तीन आठवडे आईच्या खाटेखाली फरशीवर झोपलास, मी बघत होतो. तो शब्द माझा चुकला.

आवाज आला खरा, पण मधूनमधून खरखरतो. प्रत्यक्ष येऊन बघितलंस तर बरं होईल.

तुझा,
दादा

ता. क. भावजी, यांनी पत्र मला वाचून दाखवलं; ही ओळ मी स्वतः टाइप करून चिकटवली आहे. खरखर अजिबात नाही. तरी या.