वाटप शून्य

भवानीनगर, १४ जून १९९७

ती. अक्कास, धाकट्या मानसिंगचा पायांवर माथा.

सोमवारी सकाळी देवाला फूल वाहून सरकारी दवाखान्यात कामावर गेलो, औषधांचं कपाट उघडलं. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझ्या गुडघ्यासाठी बारामतीहून तेल घेतलंय.

दारात शेजारच्या वस्तीवरची मनिषा आली. पाळणा लांबवायच्या गोळ्या तीन महिने संपल्या होत्या, ती दरवेळी रिकाम्या हाती परत गेलेली. म्हटलं, "आल्यात गोळ्या." ती हसली. "आता काय भाऊ, बारशालाच या. चौथं हाय."

तेव्हा मला काहीच वाटलं नाही. नोंद करायला गोळ्यांच्या वाटपाची वही उघडली. त्या तीन महिन्यांपुढे माझ्याच अक्षरात 'वाटप शून्य' होतं. गोळ्याच नव्हत्या म्हणून शून्य. पण मागणीचा कागद भरताना मी नुसतं शून्य पाहिलं आणि समजलो, कुणाला नकोत. त्यावरून पुढच्या वर्षाची मागणीही कमी लिहून ठेवली होती.

आई बाळंतपणात गेली तेव्हा तू केवढी होतीस गं, अक्का?

नर्सबाईंबरोबर घरोघर फिरलो, गोळ्यांविना परत गेलेल्या बायकांची चौकशी केली. एकेचाळीस निघाल्या. काल मागणीचा जुना कागद फाडला, नव्यावर त्या एकेचाळीसजणी धरल्या, सही केली आणि स्वतः इंदापूरला तालुक्याच्या कचेरीत देऊन आलो.

तुझा,
मानसिंग