तेहतीस अक्षरांचा शोध

रविवार, ४ मे
उद्यापासून पाच दिवसांचं सघन प्रशिक्षण. विषय: जीनोम सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून मिळालेला, डेटा कसा तपासायचा. आमच्या संस्थेतून दोघेच. मी आणि माझी ज्युनियर, जिची पीएचडी माझ्याच हाताखाली झाली. जूनमध्ये नवा सिक्वेन्सिंग विभाग सुरू होतोय आणि त्याला प्रमुख हवाय. संचालकांनी त्रेपन्नाव्या वर्षी मला उगाच पाठवलं असेल? न कळायला मी काय दूधखुळा आहे? ज्युनियर बहुधा सोबतीला.
संकल्प: रोज पाचला उठून कॉम्प्युटरच्या कमांडचा सराव.

सोमवार, ५ मे
उठलो पावणेआठला. अलार्मचा आवाज फारच मवाळ आहे.
काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊस बिनकामाचा. तरी हलवत राहिलो, हात मोकळा राहतो. दाढीवाले प्रशिक्षक माझ्या मुलीहून दोनच वर्षांनी मोठे असतील. दर दहा मिनिटांनी विचारतात, कळलं का? मी दर वेळी मान डोलावली. भावी प्रमुखानेच प्रश्न विचारले तर खालच्यांचा धीर सुटतो.
दुपारचा विषय 'डेटाची साफसफाई'. साफसफाई! बटाटा कुजवणाऱ्या बुरशीवर वीस वर्षं काढलीत मी. कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो आणि नव्या केबिनचा नकाशा काढला. खिडकी पूर्वेला. ज्युनियर वर्गात बसून नोट्स घेत होती. घेऊ दे बिचारी.

मंगळवार, ६ मे
माझ्या बुरशीच्या डेटाची बारा जीबीची फाइल वर्डमध्ये उघडली. लॅपटॉप गपगार. प्रशिक्षक धावत आले. म्हणाले, आजवरच्या एकाही बॅचमध्ये हे कुणी करून पाहिलं नव्हतं. मी आभार मानले.
लॅपटॉप ज्युनियरने सुरू करून दिला. कमांड लिहून देऊ का सर, असंही विचारत होती. नको म्हणालो. हाताखालच्यांना फार जवळ येऊ दिलं की डोक्यावर बसतात.
पाचला उठणं रद्द. मेंदूला विश्रांती हवी.

बुधवार, ७ मे, सकाळी ११.२०
माझ्या डेटाचा दर्जा दाखवणारा क्वालिटी रिपोर्ट काढला. कमांड फळ्यावरून उतरवली, पण चालवली मीच. बुरशीच्या आठही नमुन्यांत तेहतीस अक्षरांचा एकच तुकडा, लाखो वेळा, जसाच्या तसा! सॉफ्टवेअरनेही दखल घेतली आहे. त्यापुढे ठळक लाल फुली आहे, अभ्यासाच्या पुस्तकात महत्त्वाच्या प्रश्नापुढे आपण करायचो तशी.
कुणाकडे बोललो नाही.

संध्याकाळी ६
बायकोला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे आता बटाटे कमी कुजतील का? मूलभूत संशोधन तिला कधीच कळलं नाही.
तुकड्याला आपलं आडनाव द्यायचं ठरवलं. तिचंही तेच आहे, म्हणजे तक्रार नको.

गुरुवार, ८ मे
शेजारी मासेवाल्या बाई बसतात, म्हणजे नदीतल्या माशांच्या संशोधक. त्यांच्या स्क्रीनवर सहज नजर गेली. तोच तुकडा! लाल फुलीसकट! शोध ढापला की काय? मग लख्ख उजेड पडला. बुरशीत तोच, माशात तोच. म्हणजे हा तुकडा सगळ्याच सजीवांत आहे!
बाईंचे दोन रिपोर्ट होते, 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर'मध्ये तुकडा नव्हता. बाईंनी कुठेतरी हरवलेला दिसतोय. लोक फार निष्काळजी असतात.
संचालकांना मेल: उद्या समारोपाला अवश्य यावे, पत्रकार आणलेत तरी हरकत नाही.
ज्युनियरने समारोपासाठीच्या माझ्या स्लाइड्स पाहिल्या आणि तिचा चेहराच उतरला. सर, जरा बोलायचं होतं, म्हणाली. मत्सर. या वयात होतो. उद्या बोलू म्हणालो.

शुक्रवार, ९ मे
संचालक पहिल्या रांगेत होते. पत्रकार नव्हते, ही देवाची कृपा.
अकरा मिनिटं बोललो. तिसऱ्या मिनिटाला मासेवाल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, भारावल्या.
मग प्रशिक्षकांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. हा तुकडा कुठल्याच सजीवाचा नाही. मशिनला डीएनए धरता यावा म्हणून नमुना तयार करतानाच रसायनांच्या किटमधलं एक तयार शेपूट डीएनएच्या प्रत्येक तुकड्याला चिकटवतात. ते हे. सगळ्यांच्याच डेटात असतं. सोमवारी दुपारी 'साफसफाई'त कापायला शिकवलं होतं. लाल फुली म्हणजे, हे आधी काढा.
एक जण हसला, मग सगळे. ज्युनियर हसली नाही. उठून म्हणाली, शेपूट काढलं की सरांचा डेटा वर्गात सगळ्यांत चांगला आहे. ते जास्त लागलं.

शनिवार, १० मे
संचालकांचा फोन. मीच मोठ्या मनाने सांगून टाकलं, प्रमुखपदासाठी माझा आग्रह नाही.
ते म्हणाले, प्रमुखपद ज्युनियरला मार्चमध्येच दिलंय, फक्त जाहीर व्हायचंय. प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव नव्हतंच. तिने पत्र लिहून घालायला लावलं. लिहिलं होतं, पहिल्या दिवसापासून सर विभागात हवेत, बुरशी त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही.
लाज वाटली. कालच्यापेक्षा जास्त.
तिला फोन केला. आधी अभिनंदन केलं. कमांड शिकायला सोमवारी किती वाजता येऊ, विचारलं. नऊला, म्हणाली. पुढे 'सर' म्हणाली.