हरिभाऊंचा राखीव हात

लिहून ठेवणार सिप्रियन बस्त्याव तुस्कानो, वय ६९, धंदा केळीची वाडी, राहणार गिरीज, तालुका वसई. माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या रविवारपासून ते गरगरते आहे हे खरे, पण त्याचे कारण खाली दिले आहे आणि त्यात दारूचा थेंब नाही. फेब्रुवारीत केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. राहते घर व वाडी मुलगा प्लासिड याला, माझी बायको सालोमी हिच्या पश्चात. विहिरीमागचे लाठीचे अंगण मात्र त्याला नाही. तेथे खोल्या काढून भाडेकरू ठेवणार, हे त्याने मी जिवंत असताना, माझ्यादेखत मोजायची टेप लावून सांगितले आहे.

२. त्या अंगणाने मला काय दिले ते त्याने वाचावे. पंधराव्या वर्षी मला दमा होता. हरिभाऊ वर्तकांनी हातात लाठी दिली आणि दोन वर्षांत धाप गेली. पुढे संसारात राग डोक्यात गेला की मी अंगणात जाऊन घाम निघेपर्यंत लाठी फिरवायचो. म्हणून या घरात कुणी मार खाल्लेला नाही.

३. हरिभाऊंची रीत अशी, की गुरूने लाठीचा एक हात, म्हणजे एक डाव, राखून ठेवायचा आणि शेवटी एकाच शिष्याला द्यायचा. १९५३ साली जाताना त्यांनी तो मला दिला. मी तो रोज सकाळी चर्चमधल्या मिस्साआधी, म्हणजे प्रार्थनेआधी, एकट्याने गिरवला. अंगणात बायकांनी यायचे नाही, हा नियम माझा. फेब्रुवारीत तो डाव कागदावर काढून शिष्य आग्नेल याच्या नावे पाकिटात बंद केला.

४. गेल्या रविवारी मिस्सावरून आलो तर शेजारी व्हिन्सेंटचा बैल सुटून केळीत शिरलेला. मी लाठी उचलली, डावा गुडघा दुमडला आणि मी आळ्यात पडलो. बैल माझ्यावर चालून आला. तेव्हा माझी बायको सालोमी, वय ६४, हिने लाठी उचलली आणि राखीव हात मारला! मिस्साच्या लुगड्यात! बैल कुंपण तोडून पळाला. मी चिखलात बसूनच राहिलो. आज चार दिवस झाले, माझा अजून विश्वास बसत नाही.

“कुणी शिकवलं तुला?” मी विचारले.

ती आमच्या बोलीत बोलली ते शुद्ध करून लिहितो. “तीस वर्षं त्या विहिरीवर पाणी काढते. हात दोरीला होते, डोळे काय बांधले होते? तुम्ही केळी घेऊन बाजारात गेलात की मी करून बघायची.” आणि मग म्हणाली, “वीस वर्षांपूर्वी गुडघा मोडला तेव्हापासून तुमचा पाय चुकतो. मी आधीचा धरलाय.”

मी पाकीट फोडले. कागदावर पाय चुकलेलाच होता. वीस वर्षे मी तो बरोबर समजत होतो, आणि आग्नेलला तोच देणार होतो.

५. लाठी व अंगण सालोमीला. राखीव हात मी तिला देऊ शकत नाही, तो तिच्याकडेच आहे. पुढे कुणाला द्यायचा ते ती ठरवील. बायकांबद्दलचा नियम रद्द. आग्नेलने तिच्यापुढे शिष्य म्हणून जमिनीला हात लावून उभे राहावे. त्याच्या आधी मी उभा राहणार आहे. पाय सुधारायला तिने मला उद्या सकाळी अंगणात बोलावले आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
सिप्रियन बस्त्याव तुस्कानो

साक्षीदार :
१. गुरुदत्त हरिभाऊ वर्तक
२. व्हिन्सेंट डाबरे (बैल यांचाच)

गिरीज, ता. ३ नोव्हेंबर १९८३