अर्धा बुजवलेला खड्डा

ता. ५ फेब्रु. १९२९, मंगळवार
सकाळी माझ्या हातमागाच्या कारखान्याच्या दारात नरसय्या उभा. मोगलाईतला, माझ्याच गावचा, चुलतभावाचा जावई. मागे बायको राजव्वा, कडेवर पोर. दुधनीपर्यंत पायी, पुढे रेल्वे. गढीवर देशमुखासाठी वेठीने लुगडी विणून विणून माणूस वाळलाय. म्हणाला, "मामा, वलस आलो." बापाच्या तोंडचा तेलुगू शब्द, गाव सोडून येण्याचा. कित्येक वर्षांनी कानावर आला.
जेवायला घातलं. माग द्यायचा तर आधी पंचांचा होकार हवा.

ता. ६
यल्लप्पा पंचाकडे गेलो. याच्या व्यापाराचा कापूस त्याच देशमुखाकडून येतो. आम्ही दोघे तेलुगू, पण राग आला की याला मराठी फुटतं.
"परागंदा हाय त्यो. वेठ बुडवून पळालाय. देशमुखाचा मानूस येतोय न्यायला."
"वलस आलाय तो."
"येकट्याची कसली वलस? आन् तू त्याला माग दे, तुज्या पोरीच्या लग्नाला कोन येतंय बघतो की."
पुढे केलेलं पान न घेता उठलो.

ता. ७
फारसी जाणणाऱ्या मास्तरांना परागंदाचा अर्थ विचारला. "मुळात नुसतं विखुरलेला."
"मग त्यात गुन्हा कुठून आला?"
"मागनं चिकटला. गेलेल्या माणसाबद्दल राहिलेले काय बोलणार, शेट?"
मग वलस म्हणजे काय ते त्यांना मी सांगितलं. फौज आली, जाच झाला, की घरदार उचलून दुसऱ्याच्या मुलखात जाणं. त्याला आमच्यात रीत आहे. विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो घरातला मागाचा खड्डा मातीने बुजवायचा, वर सारवायचं, मग दिवसाढवळ्या वेस ओलांडायची. पळणारा खड्डा तसाच टाकतो.
झालं. यल्लप्पाचं तोंड बंद करायला एवढं पुरे.

ता. ८
नरसय्याला विचारलं, खड्डा बुजवलास ना? तो खाली बघतो. राजव्वा म्हणाली, "अर्धा. गढीवरचे लोक येताना दिसले, हातातली मातीची पाटी तिथेच टाकली आणि निघालो."
अर्धा! नेमका अर्धा!
"मामा, पुरा बुजवला म्हणू का?" — नरसय्या. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

ता. ११
देवळात पंच बसले. यल्लप्पाने पहिलं तेच विचारलं, खड्ड्याचं. नरसय्या तोंड उघडणार तोच बायकांतून राजव्वा उठली. "अर्धा राहिलाय. उरलेला बुजवायला तुम्ही चला माझ्याबरोबर. पाटी मी देते."
एक म्हातारा फस्सकन हसला.
मला राहवलं नाही. म्हटलं, इथे बसलेल्या किती जणांच्या बापांनी पुरा बुजवला होता? सांगा. यल्लप्पा पानाला चुना लावत बसला. माझ्या बापाने तरी? आता विचारायला तो नाही.
निकाल नाहीच. यल्लप्पा म्हणे, विचार करू. करा. जन्मभर करा.

ता. १२, मंगळवार
देशमुखाचा माणूस सकाळच्या गाडीने उतरला. यल्लप्पाकडे जेवतोय म्हणे.
मी पंचांना न विचारता नरसय्याला मागावर बसवला. दोन विणकर उठून गेले, त्यांतला एक माझ्या हाताखाली शिकलेला. जाऊ देत. राजव्वा सुताच्या कांड्या भरतेय. पोरीच्या लग्नापायी बायको माझ्याशी बोलत नाही, पण दोघांची भाकरी तिनेच पाठवली.
दाराशी बसून हे लिहितोय. बोळाच्या तोंडाशी टांगा थांबला. यल्लप्पा आणि एक पागोटेवाला. नरसय्याचा धोटा थांबला.
म्हटलं, तू वीण. मी आहे दारात.