पांढऱ्या पायाचा मोत्या

मंगळवार, वडूज

भटकी कुत्री धरायचं काम ठेक्यावर दिलं, आणि नगरपंचायतीत तक्रारी मात्र माझ्याच टेबलावर. आज स्टँडसमोर चहाचा गाडा लावणाऱ्या हौसाक्का आल्या. ठेकेदाराच्या गाडीनं त्यांचा मोत्या नसबंदीला नेला होता, तो सकाळी आणून सोडला म्हणे.

"म्याडम, ह्यो आमचा न्हाई. मोत्याचा फुडचा पाय पांढरा हाय."

जाऊन पाहिलं. कुत्रं काळंच, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाचही मारलेली, पण चारही पाय काळे. ठेकेदाराला फोन लावला.

"लोणंदची कुत्रीबी त्याच गाडीत हुती, बदललं असंल. काळं नेलं, काळं दिलं की! मोत्या म्हणून हाका मारा, वळंल दोन दिसांत."

चिडायला हवं होतं. चिडले का? "बघा जरा" म्हणून फोन ठेवला. तो पांढरा पाय आता लोणंदला कुणाच्या दारात उभा असेल?

संध्याकाळी घरी येताना ते कुत्रं गाड्याजवळच बसलेलं. हौसाक्का त्याच्याकडे बघतही नव्हत्या. मी थोडं पुढं गेले, थांबले, आणि हळूच म्हटलं, "मोत्या."

लगेच शेपूट हलवत आलं.