टर्बोमागची कांडी

केल्सी फ्लॅट, वायोमिंग
ता. १४ एप्रिल १९९८

ती. डेलबर्टदादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. बाबा आमच्याकडे राहायला येऊन सहा महिने झाले आणि आता घर त्यांचं, आम्ही पाहुणे. जोअ‍ॅनला जॅम भरलेले गोड कोलाचे आईसारखे लाटता येत नाहीत हे त्यांचं या सुनेला तीन वेळा सांगून झालंय. ती हसते, आणि चौथ्यांदा सांगितलं तर पीठ त्यांच्या हातात देणार आहे.

पत्रास कारण की, बाबांच्या पिकअपला त्यांनी आणि मी मिळून नवा एक्झॉस्ट बसवला. तू म्हणशील, हा नाल ठोकणारा आता पाइप वाकवायला लागला. पण जुना गंजून चाळण झाला होता. आता टर्बोपासून शेवटापर्यंत चार इंची पाइप आहे आणि मध्ये एक सरळ सायलेन्सर. सायलेन्सर काढून टाकून गावभर फुरफुरत फिरायचं वय माझंही नाही आणि गाडीचंही नाही. मला तिच्याकडून अजून दहा वर्षं घोड्यांचा ट्रेलर ओढून घ्यायचाय. बाबांनी पंपाचा स्क्रूही थोडा फिरवला. डिझेल जरा जास्त जातं, पण चढावर असा जोर येतो की बस. जोर वाढला की धुराची उष्णता वाढते, म्हणून टेंपरेचरचं मीटर लावलंय. काटा साडेबाराशे अंशांकडे जायला लागला की पाय उचलायचा.

भोक पाडणं, वेल्डिंग, सगळं बाबांनी केलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दीड दिवस गाडीखाली आडवे होते. मी शेजारी पडून पाने पुरवत होतो.

सोबत चार फोटो पाठवतोय. चौथा मी जमिनीवर पाठ टेकून काढलाय, तो नीट बघ. तुझं मत कळव. बाबा रोज पोस्टाची पेटी बघून येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ घोडे घेऊन सॉमिल घाटापलीकडच्या कॅम्पवर जायचंय, त्याआधी कळलं तर बरं.

एकटा आहेस म्हणून पेट्रोल पंपावरच्या हॉट डॉगवर दिवस काढू नकोस. लोभ आहेच, त्याला गंज लागू देऊ नये.

तुझा,
लायल


होलुब, नेब्रास्का
ता. २२ एप्रिल १९९८

चि. लायल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र आणि फोटो पोचले. दुकानाच्या काउंटरवर ओळीने मांडून पाहिले. बेंड छान आलेत. वेल्डची शिवण सरळ आहे, म्हणजे ती तुझी नाही हे सांगायला नको.

माझ्याकडे पाइप वाकवायचं मशीन आहे आणि बावीस वर्षं मी या गावाचे सायलेन्सर बसवतोय, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहेच. पण पाचशे मैलांवरून कशाला त्रास द्यायचा असं वाटलं असेल. असू दे. नुसते फोटो बघायला बोलावलंत हेही काही कमी नाही.

काम उत्तम झालंय. मला काही बदल सुचवायचा नाही. बाबांना सांग, डेलबर्टने चारही फोटो भिंग लावून पाहिले आणि त्याला कुठेही खोट दिसली नाही.

जोअ‍ॅनला आशीर्वाद. हॉट डॉगची काळजी नको, आता गावात पिझ्झाही मिळतो. माया कमी करू नये.

तुझा,
डेलबर्ट


होलुब, नेब्रास्का
ता. २२ एप्रिल १९९८

ती. नोरीनताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे हे लक्षात आहे. डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस पडून राहा. दवाखान्यातून सुटलीस की लगेच चर्चच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहू नकोस.

आता तुला एक सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. लायलने पिकअपच्या नव्या एक्झॉस्टचे फोटो पाठवले. मला खोट दिसली नाही असं मी त्याला आत्ताच लिहिलं. खोट दिसली, ताई. पहिल्या नजरेत दिसली.

तुला यातलं कळत नाही म्हणून सोपं करून लिहितो. उष्णतेच्या मीटरची एक कांडी असते. ती टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याच्या, आधी बसवायची, इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डला भोक पाडून. बाबांनी ती टर्बोच्या मागे, नव्या पाइपात बसवलीय. का, तेही मला माहीत आहे. आधी भोक पाडलं तर लोखंडाचा कीस टर्बोत जाऊन बसेल ही त्यांची जुनी धास्ती. पण टर्बोतून बाहेर पडेपर्यंत धूर निवतो. ट्रेलर लावून घाट चढताना काटा अकराशे दाखवील तेव्हा इंजिनात चौदाशे असेल. काटा बघून लायल निश्चिंत राहील आणि पिस्टन वितळेल. माझ्या दुकानात अशी दोन-तीन तरी माणसं दरसाल येतात. मी त्यांना तासाभरात भोक बदलून देतो.

मग त्याला का नाही लिहिलं, असं विचारशील. ताई, मी दुकान उघडलं त्या दिवशी बाबा आले, आढ्याकडे बघून छपराला रंग हवाय म्हणाले आणि गेले. त्यानंतर बावीस वर्षांत त्यांनी मला एक नटसुद्धा आवळायला बोलावलं नाही. मी एवढा जवळ असताना ते लायलकडे राहायला गेले. पिकअप त्याला दिली. आणि आता त्याच्याबरोबर दीड दिवस गाडीखाली आडवे! मला हे वाचवेना.

एक इंजिन जळू दे लायलचं. डेलबर्टला विचारायला हवं होतं, एवढं एक वाक्य मला बाबांच्या तोंडून एकदा ऐकायचंय. बावन्नाव्या वर्षी हे शोभत नाही हे मला कळतं, तू पुन्हा सांगू नकोस.

तुझा धाकटा, पण लाडका नसलेला,
डेलबर्ट


लिंकन, नेब्रास्का
ता. १९ मे १९९८

डेलबर्ट,

आशीर्वाद वगैरे नंतर. तीन आठवडे मी दवाखान्यात नि तिथून व्यायामाच्या केंद्रात होते. पत्रांचा ढीग काल घरी येऊन फोडला, त्यात तुझं हे निघालं. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

काल बाबांचा फोन आला होता. कॅम्पवर जाताना ट्रेलर ते स्वतः चालवणार आहेत. लायल हो म्हणालाय. चार वर्षांनी पुन्हा घाटातून घोडे नेणार म्हणून आवाज कसा खणखणीत लागला होता. घे, आता कुणाचं इंजिन जाळायचंय तुला?

आणि हेवा काय तुला एकट्यालाच वाटतो होय? बाबांनी मला आयुष्यात कधी गाडीचं बॉनेटसुद्धा उघडू दिलं नाही. मी थोरली. तुम्ही दोघं तरी त्यांच्या पान्याला हात लावून मोठे झालात. मी कुणाची गाडी जाळायला निघाले नाही.

हे वाचून झालं की फोन उचल. रविवारपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि मी सांगेन तेव्हा सगळं सांगेन.

रागावलेली, पण तुझीच,
नोरीन


होलुब, नेब्रास्का
ता. २९ मे १९९८

चि. लायल यास,
आशीर्वाद, वि. वि.

मी दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा जोअ‍ॅनने उचलला, मी तिच्याशी पावसापाण्याचं बोललो. दुसऱ्यांदा तू होतास, तुला घोड्यांचं विचारलं. बोलायचं होतं ते राहिलं. ताईला मात्र फोन केला म्हणून सांगून टाकलं, तेही अर्धंच खरं.

मीटरची कांडी चुकीच्या जागी आहे. टर्बोच्या मागे नको, आधी हवी. काटा दोन-तीनशे अंश कमी दाखवतोय. मॅनिफोल्डला भोक पाडताना इंजिन नुसतं चालू ठेवा, धूर कीस बाहेर फेकतो, टर्बोत काही जात नाही. तासाभराचं काम आहे. घाट त्याशिवाय चढू नका. अगदीच वेळ नसेल तर काटा नऊशेवर गेला की पाय उचला, ट्रक मागून भोंगे वाजवोत.

हे मला एप्रिलमध्येच दिसलं होतं. तेव्हा का लिहिलं नाही ते भेटल्यावर सांगेन. किंवा नाही सांगणार. बाबांना एवढंच म्हण, की डेलबर्टच्या उशिरा लक्षात आलं.

जूनचा पहिला आठवडा म्हणाला होतास, म्हणजे पत्र वेळेत पोचेल. पोचल्याचं कळव.

तुझा,
डेलबर्ट


केल्सी फ्लॅट, वायोमिंग
ता. ३ जून १९९८

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र काल पोचलं. घाटातला बर्फ यंदा लवकर निघाला म्हणून आम्ही ३० तारखेलाच निघालो होतो.

कुणाला लागलं नाही, घोडे सुखरूप आहेत, हे आधी सांगतो. बाबा फार नीट चालवत होते. काट्यावरून नजर हलत नव्हती. अकराशे झाले की मला सांगायचे, बघ, अजून दीडशे हातात आहेत. माथा दोन मैलांवर राहिला असताना गाडीतला जोर एकदम गेला, मागे पांढरा धूर, आणि इंजिन असं खडखडलं की पहिल्या घोड्याने ट्रेलरला लाथ घातली. बाबांनी गाडी कडेला घेतली, चाकांखाली दगड लावले. घोडे उतरवून आम्ही त्यांचे दोर हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. गाडी ओढून नेणारा ट्रक आणि घोडे कॅम्पवर पोचवणारा दुसरा ट्रेलर यायला चार तास लागले. दोन पिस्टन गेलेत.

आता तुला माहीत नाही ते लिहितो. कांडीची मला आधीपासून शंका होती. इथल्या एका ट्रॅक्टरवाल्याने बघून नापसंतीने मान हलवली होती. मी बाबांना म्हणालो तर म्हणाले, तू खूर तास, पाइपातलं तुला काय कळतं. डेलबर्टला फोटो पाठव, तो सांगेल ते करीन. त्या चौथ्या फोटोत भोक स्पष्ट दिसावं म्हणून मी तीनदा पडून काढला होता तो. सरळ विचारायला मात्र माझी जीभ उचलली नाही. दादा, या घरात सकाळ-संध्याकाळ तुझं नाव चालतं. डेलबर्ट असता तर असं वेल्ड केलं असतं, डेलबर्टचं दुकान बघावं. तुझ्याकडे राहायला का नाही गेले ते विचारलं एकदा, तर म्हणाले, त्याच्या दुकानात मी काय करणार, त्याला माझी गरज नाही, तुला आहे. हे रोज ऐकत मी त्यांचं सगळं करतो, आणि वर तुला विचारायचं? म्हटलं, फोटो बघून तूच सांगशील.

तू खोट नाही म्हणालास. ते पत्र बाबांनी मला दोनदा वाचायला लावलं. त्यांना लांबचं लख्ख दिसतं, जवळचं अक्षर दिसत नाही. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या दिवसानंतर माझीही शंका गेली. तू बघितलंस म्हटल्यावर संपलं.

घाटात उभे असताना त्यांनी ते बाहेर काढलं आणि पुन्हा वाच म्हणाले. वाचलं. म्हणाले, डेलबर्टने भिंग लावून बघितलंय, म्हणजे मीटर बरोबर होतं, गाडी बरोबर होती, चालवणाराच चुकला. मला गिअर कधी बदलायचा ते कळेनासं झालंय. घरी आल्यावर त्यांनी किल्ली जोअ‍ॅनच्या हातात दिली. लायसन्स टेबलावर ठेवलंय. गेले तीन दिवस खिडकीशी बसून आहेत, कोलाच्यांनाही नावं ठेवत नाहीत.

तुझं २९ तारखेचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. दाखवलं तर त्यांना कळेल की चुकलं ते भोक, हात नाही. पण तुला एप्रिलमध्येच दिसलं होतं हेही कळेल. ती एक ओळ गाळून वाचू शकतो. तू सांगशील तसं करतो.

तुझा,
लायल


होलुब, नेब्रास्का
ता. ८ जून १९९८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी शुक्रवारी दुकान बंद करून निघतोय. इंजिन उघडायला मी येतोय आणि तुम्ही मला पाने पुरवायचे आहेत.

तुमचा हात चुकला नाही. कांडी टर्बोच्या मागे बसल्यामुळे काटा खोटं दाखवत होता. काटा जे सांगत होता त्याप्रमाणे तुम्ही अगदी बरोबर चालवलंत. माझ्या दुकानातही लोक तिथेच भोक पाडून येतात, तासाभरात ते बदलता येतं.

ते भोक मला फोटो बघितल्या दिवशीच दिसलं होतं, बाबा. तरी मी खोट नाही असं लिहिलं, मुद्दाम लिहिलं. तुम्ही लायलबरोबर दीड दिवस गाडीखाली होतात आणि मला त्याचा हेवा वाटला. त्याचं इंजिन जळावं आणि तुम्हाला माझी आठवण यावी, असं माझ्या मनात होतं. तुम्ही चालवणार आहात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ती सबब होत नाही, लायलही माझा भाऊच आहे.

माझं ते पत्र खिशातून काढून टाका आणि किल्ली जोअ‍ॅनकडून परत घ्या. परतीचा घाट घोडे घेऊन तुम्हीच उतरायचा. मी शेजारी बसेन. तुम्ही बसू दिलंत तर.

हे पत्र तुम्हाला लायल वाचून दाखवेल. तो मनाने हळवा आहे, मधलं काही गाळेल. गाळलं असं वाटलं तर जोअ‍ॅनला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगा.

माया राहिली असेल तेवढी असू द्यावी.

तुमचा,
डेलबर्ट