कोटाचं दुसरं बटण

१२ ऑक्टोबर

चि. डावरीस,
अ. उ. आ. वि. वि.

कोट पोचला. खिशाचं अस्तर उसवलंय ते पाहिलं. पण वरून दुसरं बटण बदललंय, ते तू पत्रात लिहिलं नाहीस. मी चार भोकांच्या बटणाला दोन सरळ टाके घालते, इथे फुली आहे. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, कुठे कोणाचा हात फिरलाय ते मला कळतं. हा कोणाचा? मुलगा असेल तर तसं सांग, मी आकांडतांडव करणार नाही. निदान पत्रात तरी नाही.

शिवाय कोपरं कोरी करकरीत. दोन महिने टेबलाशी बसून वाचणाऱ्या पोरीच्या कोटाची कोपरं अशी नसतात. तुझे बाबा म्हणतात, एका बटणाची काय चौकशी करायची. त्यांचं सोड, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी त्यांना चार दिवस पत्ता नसतो.

लोभ आहेच. तो टिकवायचा असेल तर खरं लिही.

तुझी आई

१९ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बटण खोलीतल्या मैत्रिणीने लावलं. मुलगाबिलगा कोणी नाही. कोपरं कोरी आहेत कारण मी कोट काढून वाचते. वर्ग छान चाललेत. प्राध्यापक छान शिकवतात. जेवणही छान असतं. अभ्यास फार आहे, म्हणून पत्र लहान. बाबांना नमस्कार सांग.

आशीर्वाद असू दे, चौकशी पुरे.

तुझी डावरी

२५ ऑक्टोबर

चि. डावरीस,
अ. आ. वि. वि.

एवढ्याशा पत्रात तीनदा छान. ताटातली भाजी आवडली नाही की तू अस्संच छान म्हणतेस. मला काय दुधखुळी समजलीस?

बटण उसवून पाहिलं. खाली दोऱ्याचे वेढे उलटे आहेत, ते डाव्या हाताने पडतात. आता तुझी मैत्रीणही डावरी, आणि सुईला तीही तुझ्याइतकीच नवखी, हे मी मानायचं का? बाहीवर खडूही आहे. फळ्याचा खडू झटकला की जातो. हा चपटा, मेणासारखा, कापडावर रेघ मारायचा, आमच्या धंद्यातला. तू शिंप्याच्या दुकानात बसतेस.

माझ्यासारखी पाठ वाकवून जन्म काढू नयेस, म्हणून मी तुला कधी सुई हातात घेऊ दिली नाही. शिक्षण सोडलंस का? हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत, एवढं मलाही ठाऊक आहे. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मीच येऊन दारात उभी राहीन.

रागाने, पण तुझीच,
आई

३० ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बटण मीच लावलं. वर्गात तीनशे जण आहेत. पहिल्याच महिन्यात एक दिवस मी मुद्दाम गेले नाही, कोणी विचारतंय का ते बघायला. कोणी विचारलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही गेले नाही, आणि तेव्हाही काही बिघडलं नाही. रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान आहे. मशीनचा आवाज आपल्या घरासारखा येत होता, म्हणून दारात थांबले. म्हातारे शिंपी म्हणाले, उभी का, आत ये. तेव्हापासून बऱ्याचदा तिथेच बसते, उसवायची कामं करते. आता कॉलेजची चिठ्ठी आली आहे. आणखी अकरा तास चुकले की परीक्षेला बसता येणार नाही.

दुकान समोर असताना खिसा शिवायला कोट तुझ्याकडे का पाठवला, हे मात्र तू विचारलं नाहीस. एवढी एकच गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. तू बघावंस म्हणून पाठवला, आई. इथे कोणीच बघत नाही. आणि तू विचारलंस तेव्हा घाबरून थाप मारली.

रागावलीस तरी लिहीत राहा.

डावरी

३ नोव्हेंबर

चि. डावरीस,
अ. उ. आ. वि. वि.

सुटली नव्हती. उत्तराची भीती वाटली म्हणून विचारलं नाही. तुझं पत्र वाचून मशीनवर बसले, तर एका गिऱ्हाईकाच्या पँटची पट्टी वाकडी गेली. सगळी उसवावी लागली.

कोट परत पाठवतेय. खिसा शिवलाय, बटण सुटं खिशात आहे, सुईदोराही आहे. बटणाखाली काडेपेटीची काडी धरून टाके घालायचे, मग काडी काढून घ्यायची आणि मोकळ्या दोऱ्याला वेढे द्यायचे. हे दुकानात करायचं नाही. वर्ग भरायच्या आधी अर्धा तास, वर्गाच्या दाराशी बसून करायचं. तीनशे जणांत पाच-दहा बटणं तरी लोंबत असतीलच. शिंपीदादांना माझा नमस्कार सांग, आणि रविवार सोडून तू आलीस तर हाकलून द्या म्हणावं.

लोभ वाढलाय, संशय होता तेवढाच आहे.

तुझी आई

२४ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

वर्गाच्या दारापुढच्या पायऱ्यांवर बसून बटण लावलं. सगळे बघून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तेच उसवून परत लावलं. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढच्या बाकावर बसणाऱ्या उंच मुलीने, जिची मी आजवर फक्त वेणी पाहिली होती, आपली बाही माझ्यापुढे धरली. बटण कधीच पडलं होतं, ती टाचणी लावून फिरत होती.

सोमवारी मला ताप होता. ताप खरा होता, शंका नको. दोन तास चुकले, नऊ उरले. संध्याकाळी ती वेणीवाली वही घेऊन खोलीच्या दारात उभी. चांगली चिडली होती. म्हणाली, जागा धरून ठेवली होती, कुठे होतीस तू दिवसभर? ती गेल्यावर मी खूप रडले. ते तापाने नव्हतं.

पुढच्या वेळी कोपरं नीट बघ.

तुझी डावरी